१० मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म आणि हातात एक फोन: आधी काय ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कुडाळजवळच्या गावात राहता, दिवसा औषधांच्या दुकानात काम करता, रात्री जेमतेम दोन तास मोकळे मिळतात. आजीच्या गोष्टीत रात्री वाट चुकलेल्या मुलाला राखणदार, म्हणजे गावाची राखण करतो असं लोक मानतात तो, घरापर्यंत आणून सोडतो. त्यावर १० मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म, म्हणजे वस्तू थोडी-थोडी हलवत एकेक फोटो काढून जोडलेली फिल्म, करून यूट्यूबवर टाकायची आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा पिंगुळीच्या चित्रकथीसारखं (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला) काहीतरी वापरावं असं मनात आहे. आणि विचारलंय ते असं की कॅमेरा कोणता घेऊ, मुंबईला जाऊन अ‍ॅनिमेशनचा कोर्स करू का, यातून पैसे मिळतील का.

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहून बरीच वर्षं हेच काम करतो, लहान फिल्मही आणि पोटापाण्याचे व्हिडिओही. कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे, खाली देतोच. पण तुमचं लिहिणं वाचताना मी थांबलो तो ‘१० मिनिटं’ या आकड्यावर. तुमची खरी अडचण तिथे आहे, आणि ती आत्ताच सोडवली नाही तर कितीही चांगला कॅमेरा घेतलात तरी फिल्म अर्धवट राहील.

हिशोब करून बघा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे फ्रेम, जातात. स्टॉप-मोशनमध्ये बहुतेक जण एक फोटो दोन फ्रेमपुरता धरतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. १० मिनिटांचे ६०० सेकंद, त्यांचे ७,२०० फोटो. दिवसभर दुकानात उभं राहून आलेला माणूस, सेट लावून तयार असेल तर, दोन तासांत चार-पाच सेकंदांचं बरं काम करतो. पाच धरले तरी नुसते फोटो काढायला १२० रात्री. बाहुल्या, सेट, आवाज, एडिटिंग हे सगळं वेगळं.

या १२० रात्री सलग मिळतील असं आपल्याकडचं घर नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये मागच्या खोलीत आंब्याची आढी लागते. जूनपासून वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. गणपतीत चाकरमानी येतात आणि घरातली एकही खोली रिकामी राहत नाही. मग भातकापणी, मग जत्रा. स्टॉप-मोशनला लागते ती एकच गोष्ट, मांडलेलं सगळं जागच्या जागी राहणं. नांदत्या घरात ते पंधरा-वीस दिवस राहू शकतं, चार महिने नाही. तुमच्याकडे कुलूप लावता येईल अशी खोली असेल किंवा मदतीला कुणी दुसरं असेल तर हिशोब बदलतो. पण तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नसेल असं धरून पुढचं सांगतो.

पहिली फिल्म साठ ते नव्वद सेकंदांची करा. पूर्ण करा, आवाज लावा, श्रेयनामावली घाला, लोकांना दाखवा. ती झाल्यावर दुसरी तीन-चार मिनिटांची. १० मिनिटांची गोष्ट दाबून-दाबून एका मिनिटात बसवायची असं मी म्हणत नाही, तसं केलं तर सगळं पळत सुटल्यासारखं दिसतं. आजीच्या गोष्टीतला एकच प्रसंग घ्या. मला विचाराल तर शेवटचा. मूल बांधावरून चाललंय, पुढे काठीचा आवाज येतोय, कंदील हलतोय आणि घराची पायरी दिसल्यावर काठीचा आवाज थांबतो. मुलाला वाट कशी चुकली, राखणदार कोण, त्याला वर्षाला चपला का वाहतात, हे सगळं प्रेक्षकाला सांगण्याची गरज नाही. आपल्याकडच्या माणसाला काठीच्या आवाजावरूनच कळेल. बाहेरच्याला एवढं कळेल की अंधारात कुणीतरी सोबत होतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

आता कामाचा क्रम. आजी अजून गोष्टी सांगतात हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. म्हणून पहिलं काम त्यांचा आवाज रेकॉर्ड करण्याचं. मालवणीतच बोलू द्या, प्रमाण मराठी करायला लावू नका. मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं नंतर घालता येतात. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा बाजूला ठेवा, समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गोधड्या-चादरी पसरलेल्या खोलीत बसा. पाऊस पडत असेल तर थांबा. पावसाचा आवाज हवाच असेल तर तो वेगळा घ्या, कौलांवरचा वेगळा आणि पत्र्यावरचा वेगळा. पाऊस नंतर मिसळता येतो, आजींच्या बोलण्यातून काढता मात्र येत नाही. तीन-चार वेगवेगळ्या दिवशी गोष्ट सांगायला लावा आणि कागदावरून वाचायला देऊ नका. एखाद्या दिवशी त्या मधेच थांबून ‘थांब हां’ म्हणतील, तीच जागा फिल्मची सर्वात चांगली जागा ठरू शकते.

त्या आवाजातून सत्तर-ऐंशी सेकंद निवडा. मग प्रत्येक शॉटचं पेन्सिलने साधं चित्र काढा, फोनवर त्याचा फोटो घ्या आणि आवाजाखाली ओळीने लावून बघा. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. हे दोन-तीन रात्रींचं काम आहे आणि ते पुढच्या अनेक रात्री वाचवतं. कुठला शॉट लांबतोय, कुठला नकोच आहे, राखणदाराचा चेहरा कधी दिसणार आहे का, हे सगळं इथे कळतं. चेहरा दिसणारच नसेल तर तो करायचाही नाही. प्रत्येक शॉटसमोर त्याचे सेकंद लिहा, १२ ने गुणा, म्हणजे किती फोटो ते समजेल.

यानंतर येतं ते माध्यम, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या हवेत चुकीचं माध्यम निवडलं की माणूस कामाला नाही, हवेला कंटाळतो.

गणपतीच्या शाळेत मिळणारी शाडूची माती हाताशी आहे म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे वळतात. ती वाळते आणि चिरते, त्यामुळे स्थिर डोकं किंवा भांडी करायला चांगली, हलवायच्या बाहुलीला नाही. तेलाची क्ले वाळत नाही, पण आपल्याकडच्या मे महिन्यात दिव्याखाली इतकी मऊ पडते की बाहुलीचा हात आपोआप खाली येत राहतो. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी देखणी आहेत, पण त्यांना सांधे नसतात. ती सेटमध्ये मांडायला वापरा. पुढेमागे तारेच्या सांगाड्याची बाहुली केलीत तर तिथल्या कारागिराकडून पांगाऱ्याच्या लाकडाचं डोकं करून घ्या. पांगारा हलका असतो, डोक्याच्या वजनाने ॲल्युमिनियमची तार वाकत नाही.

तुमच्या या गोष्टीसाठी मात्र मी सावली-आकृतीच सुचवेन. म्हणजे काळ्या कागदाच्या कापलेल्या आकृत्या, खाली काच, काचेखाली दिवा आणि वरून कॅमेरा. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी कात्रीने कापलेल्या अशाच आकृत्यांवर १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता, त्यामुळे हे माध्यम कमी प्रतीचं आहे असं मनात आणू नका. रात्रीची गोष्ट, चेहरा न दिसणारा राखणदार, कंदिलाचा एक उजेड, याला सावलीइतकं जवळचं दुसरं काही नाही. शिवाय आकृती काचेवर आडवी पडलेली असते, ती पडत नाही, तिला उभं ठेवायला चुंबक किंवा खिळे लागत नाहीत. एकट्या माणसाच्या कामात निम्मी कटकट बाहुली उभी ठेवण्याची असते.

मांडणी अशी करा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन थप्प्या, साधारण दीड-दोन फूट उंच. त्यांच्यावर कडा घासून घेतलेली जाड काच. काचेच्या खालच्या बाजूला ट्रेसिंग पेपर, आणि दिवा त्यापासून फूटभर तरी खाली, नाहीतर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. चिरे सुचवतोय कारण ते जड असतात आणि हलत नाहीत. टेबल कितीही चांगलं असलं तरी हात टेकला की लवतं. ही मांडणी तळमजल्यावर, कोबा किंवा फरशी असलेल्या जागी करा. लाकडी माळ्यावर कुणी पलीकडून चाललं तरी फ्रेम हलते, आणि सारवलेल्या जमिनीत स्टँडचे पाय हळूहळू रुततात, ते तुम्हाला सगळा शॉट झाल्यावर दिसतं.

आकृती कापायला नुसता काळा कार्डपेपर घेऊ नका, पावसाळ्यात तो एका रात्रीत वळतो. जुन्या एक्स-रे फिल्मवर काळा कागद चिकटवा आणि मग कापा. दुकानात काम करता, तेव्हा एक्स-रे मिळवणं तुम्हाला कठीण जाऊ नये. त्यावर नाव-गाव असेल तो भाग कापून टाका. राखणदार वीतभर उंच ठेवा. डोकं, धड, दोन भागांचा हात, दोन भागांचा पाय, काठी, कंदील. सांध्याला सुईने भोक पाडून बारीक तांब्याची तार ओवा आणि दोन्ही बाजूंनी चपटी करा. सांधा थोडा घट्टच हवा, सैल असला की एक हात हलवताना दुसरा हलतो. कंदिलाच्या जागी भोक ठेवून मागे पिवळा जिलेटीन कागद लावा.

पार्श्वभूमीला ट्रेसिंग पेपर कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेतून डोंगराची आणि माडांच्या रांगेची रेघ आपोआप येते. एकावर एक थर वाढवत गेलात की जवळचं गडद आणि लांबचं फिकट दिसतं. पहाटेच्या धुक्यात आपल्या शेतापलीकडची टेकडी दिसते तसं हे दिसतं, आणि खर्च शून्याजवळ.

पिंगुळीबद्दल. ती तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे नक्की जा. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छाया-बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पडद्यामागे दिवा आणि बाहुली यांच्यातलं अंतर कमी-जास्त केलं की सावली कशी मोठी-लहान होते, हे तिथे बसून बघितलंत तर तुमच्या फिल्मला थेट उपयोग होईल. पण चित्रकथीच्या पोथीतली चित्रं इंटरनेटवरून उतरवून, कापून हलवणं हे करू नका. ती त्या घरांची ठेव आहे. तसंच काही हवं असेल तर जाऊन विचारा, काढून घ्या, ठरलेले पैसे द्या आणि नाव श्रेयनामावलीत सगळ्यांना वाचता येईल इतका वेळ ठेवा. त्यांच्यासारखी नक्कल करण्यापेक्षा तुमच्या कात्रीची स्वतःची रेघ शोधलेली मला जास्त आवडेल. राखणदाराच्या बाबतीतही तेच. गावात लोक त्याला मानतात. त्याला भयपटातलं भूत करू नका. तुमच्या प्रश्नावरून तुमचा तसा विचार दिसत नाही, तरी पुढे कुणीतरी ‘थोडं घाबरवणारं कर, व्ह्यूज येतील’ असं सांगेलच, म्हणून लिहिलं.

उजेडाचं एकच सूत्र आहे, तो पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत तोच राहिला पाहिजे. दिवसा खिडकीतून येणारा उजेड ढगागणिक बदलतो आणि फिल्म लुकलुकते. तुम्ही रात्रीच काम करणार आहात, हे उलट बरं आहे. तरी खिडकीला जाड कापड लावा. घरगुती विजेचा दाब संध्याकाळी कमी-जास्त होतो, म्हणून पॉवर बँकेवर चालणारा यूएसबीचा एलईडी दिवा घ्या. वीज गेली तरी तुमचा शॉट चालू राहतो. काम करताना गडद कपडे घाला, पांढऱ्या शर्टावरून उजेड परततो आणि तुम्ही पुढे-मागे सरकलात की काचेवर चमक दिसते. फोटो काढताना दर वेळी एकाच जागी उभे राहा. पहिल्या पावसात दिव्यावर पाखरं येतात, ती काचेवर बसून आकृत्या सरकवतात, म्हणून खिडक्या लावून घ्या. चिऱ्यांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढा. हसू नका, एक मुंगी कंदिलाच्या भोकातून गेली की तेवढे फोटो गेले.

आता हालचाल. फिल्म जिवंत वाटते ती इथे, म्हणून एक प्रसंग बारकाईने सांगतो. राखणदार थांबतो, मागे वळून मुलाकडे बघतो आणि कंदील उचलतो. आधी हे स्वतः करा, काठी हातात घेऊन, आणि कुणाला तरी फोनवर व्हिडिओ काढायला सांगा. मग तो थांबवत-थांबवत मोजा. साध्या चालीत एक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे सहा फोटो. राखणदार सावकाश चालतो, त्याला नऊ-दहा द्या. मुलाला पाच, कारण ते घाबरलेलं आहे आणि त्याचे पायही लहान आहेत. काठी जमिनीला टेकते तो फोटो वहीत नोंदवा, आवाज नेमका तिथेच लावायचा आहे.

मान वळायला आठ फोटो पुरतात, पण आठही सारख्या अंतराचे नकोत. पहिल्या दोनांत मान उलट्या दिशेला केसभर जाते. पुढच्या तीनांत मोठी हालचाल. शेवटच्या तीनांत अंतर कमी-कमी होत जातं. सारख्या अंतराने वळवलेली मान घड्याळाच्या काट्यासारखी दिसते. मान स्थिर झाल्यावर लगेच कंदील उचलू नका. दहा-बारा फोटो थांबा. नवीन माणसाला या थांबण्याची भीती वाटते, सतत काहीतरी हलत राहिलं पाहिजे असं वाटतं. पण राखणदार मुलाकडे बघतोय हे प्रेक्षकाला त्या थांबण्यातच कळतं. थांबलेल्या वेळात सगळंच गोठलं तर चित्र मेलेलं दिसतं, म्हणून कंदिलामागे पिवळ्या कागदाच्या दोन छटा आलटून-पालटून ठेवा. ज्योत हलत राहते, माणूस स्थिर राहतो.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: लहान प्रसंग, आधी आवाज, मग पेन्सिलचं अ‍ॅनिमॅटिक, सावली-आकृती, बॅटरीवरचा उजेड, आणि शूटिंग अशा महिन्यात की पंधरा-वीस रात्री ती खोली कुणाला लागणार नाही. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, कागद वळत नाही, आढीला अजून वेळ असतो.

कॅमेरा. तुमचा फोन चालेल, अट एवढीच की त्यात प्रो मोड असावा किंवा स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या अ‍ॅपमध्ये फोकस, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येतो ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही कुलूपबंद करता यावेत. यातलं एक जरी आपोआप बदलत राहिलं तरी फिल्म लुकलुकते. यूट्यूबची फुल एचडी फ्रेम साधारण २० लाख पिक्सेलची असते, तुमच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच्या सहापट. तेव्हा कमी पडतंय ते फोनचं रिझोल्यूशन नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) सर्वात कमी, शटर सावकाश. घरातल्या विजेवरचा दिवा वापरलात तर शटर सेकंदाचा पन्नासावा भाग किंवा त्याहून सावकाश ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि जलद शटरमध्ये दिव्याची थरथर पकडली जाते. फोन विमान मोडवर टाका, मधेच फोन आला की तो थरथरतो आणि फ्रेम सरकते. बटण बोटाने दाबू नका, तारेच्या इयरफोनचं आवाजाचं बटण किंवा ब्लूटूथ रिमोट वापरा. अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसण्याची सोय असते, ती चालू ठेवा. धक्का लागला तर तिच्यामुळेच सगळं परत जागेवर आणता येतं.

पुढे डीएसएलआर घ्यावासा वाटला तर जुना चालेल, पण त्यावर हाताने छिद्र कमी-जास्त करता येणारी जुनी मॅन्युअल लेन्स लावा. आजकालच्या लेन्सचं छिद्र प्रत्येक फोटोला नव्याने मिटतं आणि दर वेळी अगदी तितकंच मिटत नाही, त्यातून बारीक लुकलुक येते. सेकंडहँड लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का बघा. घरी आणल्यावर ती चामड्याच्या पिशवीत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून कोरडं करा.

ऑनलाइन टाकण्याबद्दल दोन-तीन गोष्टी शूटिंगच्या आधीच ठरवाव्या लागतात. आडवी फ्रेम की उभी? यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, तेव्हा तुमची फिल्म तिथेही बसेल. पण बांधावरून चालणं हे आडव्या फ्रेमचं काम आहे, मी आडवीच ठेवेन. दुसरं, गाणं. रेडिओवरचं किंवा जुन्या कॅसेटवरचं गाणं लावू नका, यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते. पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नसते, पण तिचं कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग असतं. आजींनी स्वतः म्हटलेली ओवी तुम्ही रेकॉर्ड केलीत तर प्रश्नच मिटला. तिसरं, व्हिडिओ टाकताना ‘मुलांसाठी आहे का’ असं विचारतात. बाहुल्या दिसल्या म्हणून घाईत ‘हो’ करू नका. तसं केलं की प्रतिक्रिया बंद होतात आणि तुमच्या व्हिडिओवर व्यक्तिगत आवडीनुसारच्या जाहिराती येत नाहीत. फिल्म खरोखर लहान मुलांसाठी असेल तर मात्र ‘हो’च म्हणायला हवं, तो नियम आहे. तुमची गोष्ट मोठ्यांचीही आहे, तेव्हा विचार करून ठरवा.

महोत्सवांचं परिस्थितीवर अवलंबून आहे. बऱ्याच महोत्सवांना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही. पहिली, एका मिनिटाची, सरळ यूट्यूबवर टाका, लोक काय म्हणतात ते ऐकणं तुम्हाला आत्ता जास्त गरजेचं आहे. तीन-चार मिनिटांची होईल ती मात्र आधी पाठवून बघा. मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठीच १९९० पासून भरतो. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून दर वर्षी गोव्यात होतो, आणि पणजी तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. फिल्म पाठवण्याआधी नुसतं प्रेक्षक म्हणून तरी एकदा जाऊन या, लघुपट मोठ्या पडद्यावर बघा.

पैशांचं स्पष्ट सांगतो. यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. वर्षाला दोन छोट्या फिल्म करणाऱ्याने त्यावर घर चालवायचा विचार करू नये. माझं घर चालतं ते स्टॉप-मोशनच्या जाहिरातींवर. होमस्टेवाले, काजू कारखानदार, कोकम सरबत बाटलीत भरणारे, यांना पंधरा-वीस सेकंदांचे व्हिडिओ हवे असतात. कोकमं रांगेत चालत येऊन बाटलीत उडी मारतात, एवढं दाखवलं तरी ते खूष होतात, आणि असं काम फोनवर होतं. निम्मे पैसे आधी घ्या, आणि किती वेळा बदल करून देणार ते कामाआधी लिहून ठेवा. स्टॉप-मोशनमध्ये ‘जरा बाटली डावीकडे करा’ म्हणजे सगळं पुन्हा, हे समोरच्याला माहीत नसतं.

राहिला कोर्सचा प्रश्न. अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी (तिथला डिझाइन विभाग) इथे अ‍ॅनिमेशन गंभीरपणे शिकवतात, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहे. तिथे जायची तयारी आणि घरची सोय असेल तर जरूर प्रयत्न करा, तिथलं वातावरण आणि सोबत शिकणारी माणसं यांना पर्याय नाही. पण कर्ज काढून, नुसतं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या एखाद्या खाजगी क्लासला मुंबईला जाणार असाल तर माझं मत नाही असंच आहे. भाड्याच्या खोलीत, लोकलच्या प्रवासात, तुम्हाला आत्ता मिळतात ते रात्रीचे दोन तासही राहणार नाहीत, आणि आजींचा आवाज इथे कुडाळला राहील. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या हलवून स्टॉप-मोशन केलं तेव्हा हे शिकवणारी एकही संस्था देशात नव्हती. आधी एक फिल्म पूर्ण करा. चांगल्या संस्थेच्या मुलाखतीत तीच तुमच्या बाजूने बोलेल, आणि तोवर तुम्हाला हे काम वर्षानुवर्षं करायचंय का हेही कळलेलं असेल.

या आठवड्यात करायचं असेल तर एवढं करा. आजींचं एक रेकॉर्डिंग घ्या, आणि साध्या पुठ्ठ्याचा राखणदार कापून काचेवर दहा सेकंद चालवा, म्हणजे १२० फोटो. पार्श्वभूमी नको, सजावट नको. तो तुकडा इथेच टाका. काठी टेकते तो फोटो कितवा हे सोबत लिहा, म्हणजे पावलं कुठे घाई करतात आणि कुठे रेंगाळतात ते मला फोटोच्या क्रमांकानिशी सांगता येईल.